मय्यत अडवणारा मौलाना

"मय्यतीत तुम्ही उधारीचं विचारता, मग बहिणीच्या हिश्श्याचं का विचारत नाही?"

हा सवाल माझ्या थोरल्या भावानं मुखेडच्या आमच्या मशिदीत विचारला. नांदेडला मोठमोठ्या मौलानांच्या बैठकीत विचारला. लातूरला जाताना एसटीत शेजारी बसलेल्या माणसालाही विचारला. जवाब कुणीच दिला नाही, आणि आता विचारणाराच राहिला नाही.

भाईजान गेले ते माझ्या दुकानात. मी पाण्याच्या मोटारी भरून देतो, म्हणजे जळालेल्या मोटारीची तार काढून नवी बसवतो. दुपारी ते आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "रफीक, पंखा लाव." मी उठून बटण दाबलं. वळून बघितलं तर मान खाली. मला वाटलं डुलकी लागली. मी पुढची मोटार खोलायला घेतली. चहा आला, बशीत ओतला, समोर धरला, तेव्हा कळलं. मी किती वेळ शेजारी बसून मोटार खोलत होतो ते मला अजून समजत नाही.

तेव्हापासून घरी माणसं येतात. आधी रडतात, मग एक किस्सा सांगतात, मग हसतात, आणि हसल्याबद्दल माफी मागतात. एकाचा संपला की दुसऱ्याला आठवतो. भाईजानांचे, म्हणजे मौलाना मुजीब यांचे, किस्से इतके साठलेत की जेवायला उठता येत नाही. मी सातवीत शाळा सोडली. घरात आम्ही दखनी बोलतो, पण शाळा मराठी होती आणि गिऱ्हाईक मराठी आहे, म्हणून मराठीत लिहून राहिलो. जसं आठवेल तसं.

* * *

पहिल्यांदा झालं तेव्हा मी तिथंच होतो.

आमच्यात जनाज्याची नमाज सुरू व्हायच्या आधी मय्यतीचा मुलगा किंवा भाऊ पुढं येतो. सगळ्यांना सांगतो, अब्बाकडून कुणाचं काही येणं असेल तर मला सांगा, मी देईन. कुणाचं मन दुखावलं असेल तर माफ करा. मग इमाम नमाज पढवतो. त्या दिवशी एका आडत दुकानदाराची मय्यत होती. त्याच्या पोरानं हे सगळं नीट सांगितलं. आमच्या मशिदीचे इमाम भाईजानच, ते नमाज सुरू करतील म्हणून लोक ताठ उभे राहिले.

भाईजान वळले आणि म्हणाले, "आणि तुझ्या फुफींना, अब्बाच्या बहिणींना, जमिनीचा हिस्सा मिळाला का?"

पोराचा चेहरा पांढरा पडला. तो हळूच म्हणाला, "मौलाना, हे विचारायचं काय टायमिंग हाय?"

"तुझ्या अब्बाचं टायमिंग संपलं, बेटा. तुझं चालू हाय."

मागून कुणीतरी ओरडलं, "बहिणींनी माफ केलंय!"

"केलं तेव्हा तू हजर होतास का?"

पोरानं सगळ्यांसमोर कबूल केलं, देतो. मग नमाज झाली. घरी येताना मी भाईजानांना म्हणालो, तुम्हाला मारतील लोक. ते म्हणाले, "मय्यतीत कोन मारतंय?"

* * *

ही गोष्ट गावभर झाली. म्हाताऱ्या माणसांनी धसका घेतला.

आमच्या गल्लीतल्या करीमचाचांनी भाईजानांना घरी बोलावलं. दार लावून घेतलं. "मौलाना, मी मेल्यावर माझं पन विचारनार का?"

"हाव."

"सगळ्यांसमोर?"

"हाव."

चाचा रात्रभर झोपले नाहीत. सकाळी त्यांनी कंधारच्या बहिणीला फोन लावला, "ताबडतोब ये." एवढंच बोलून ठेवला. बहिणीला वाटलं, भाऊ गेला. ती चार बायका घेऊन जीपमधून उतरली ती छाती पिटतच. गल्लीच्या तोंडापासून आक्रोश. अख्खी गल्ली बाहेर आली. करीमचाचा ओट्यावर बसून दात घासत होते.

बहिणीनं आधी त्यांच्या पाठीत गुद्दा घातला. मग मिठी मारली. मग कशाला बोलावलं ते ऐकलं. आणि खाली बसून परत रडायला लागली, पण ते रडणं वेगळं होतं. गल्लीत कुणालाच तिच्याकडं बघवेना.

* * *

जुम्म्याच्या बयानाचा, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनाचा, आवाज मशिदीबाहेर किराणा दुकानापर्यंत जातो. दुकान बसवअप्पांचं. लिंगायत माणूस, कपाळाला भस्म, भाईजानांचा जुना दोस्त. एका शनिवारी ते मशिदीच्या दारात येऊन उभे राहिले.

"मौलाना, तुमचा भोंगा बंद करा."

भाईजानांना धक्काच बसला. इतक्या वर्षांत बसवअप्पांनी अशी तक्रार कधी केली नव्हती. "काय झालं अप्पा? अजानचा त्रास होतो का?"

"अजानचा न्हाई हो. तुमचं ते बहिणीच्या हिश्श्याचं बयान. माझी बायको दुकानात बसून ऐकती. काल उदगीरला भावाला फोन लावून म्हनली, मुसलमानांत देऊन राहिले, आपल्यात का न्हाई?"

"मग भाऊ काय म्हणाला?"

"तो मला फोन करून शिव्या द्यायला लागला. म्हनला, दाजी, तुम्ही शिकवलं. मी काय शिकवलं? मी साखर तोलत होतो."

भाईजान इतके हसले की टोपी पडली. मग विचारलं, "आणि अप्पा, तुमच्या बहिणीचं काय?"

बसवअप्पा तडक दुकानाकडं गेले. तो आठवडाभर ते भाईजानांशी बोलले नाहीत.

* * *

एकदा मशिदीत मलाच लाज वाटली. बयान चालू असताना एक जण उठला आणि म्हणाला, "मौलाना, तुमची बहीण उदगीरला हाय. तिला दिलं का तुम्ही?"

दिलं नव्हतं. अब्बा गेल्यापासून पाच एकर आम्ही दोघं भाऊच बघत होतो. आपानं, आमच्या बहिणीनं, मागितलं नव्हतं, आम्ही काढलं नव्हतं. भाईजान म्हणाले, "बरोबर हाय," आणि बयान तिथंच संपवलं.

घरी आले ते थेट मोजणीचं बोलायला लागले. शरियतप्रमाणे भावाला दोन वाटे, बहिणीला एक. म्हणजे आम्हाला दोन-दोन एकर, आपाला एक. मी भांडलो. ताट ढकललं. म्हणालो, तुम्हाला मशीद हाय, मला काय हाय? भाईजान म्हणाले, "तुला आपा हाय."

पुढच्या महिन्यात माणूस येऊन दगड रोवून गेला. कुणाचा तुकडा कुठला, याच्या चिठ्ठ्या टाकल्या. आपाची चिठ्ठी निघाली आणि मी बांधावरच बसलो. विहीर तिच्या तुकड्यात गेली होती.

आपा त्या दिवशी डबा घेऊन आली होती. आम्हा दोघांना वाढलं, विहिरीकडं बघितलं आणि मला म्हणाली, "रफीक, पानी घे. पन इचारून घे."

भाईजानांच्या जनाज्यात पुढं येऊन बोलायचं काम माझं होतं. मी उभा राहिलो, तोंड उघडेना. कुणी काही विचारलंही नव्हतं. तेवढ्यात मागच्या रांगेतून आमचे दाजी रडत रडत मोठ्यानं म्हणाले, "मिळालाय. माझ्या बायकोला मिळालाय."

* * *

मधल्या काळात कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करून टाकलं. वर लिहिलं, 'मय्यत अडवणारा मौलाना'. ते नांदेडला पोचलं, लातूरला पोचलं, पार हैदराबादेत आमच्या मामूंनी बघितलं.

नांदेडला मोठ्या आलिमांनी, म्हणजे जाणत्या मौलानांनी, बोलावून घेतलं. मी मोटारसायकलवर घेऊन गेलो. एकानं विचारलं, "मय्यतीत हा सवाल विचारायचा, हे तुम्ही कुठून आणलं?"

"हिस्सा कुराणात कुठं आला ते तुम्हाला पाठ आहे. सवाल तेवढा माझा आहे."

त्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग म्हणाले, जागा चुकीची आहे, बयानात सांगा. भाईजान म्हणाले, "बयानात बारा वर्षं सांगितलं. बयानात सगळे हाव म्हणतात." आम्हाला चहा दिला, बिस्किटं दिली आणि परत पाठवलं.

लातूरच्या एसटीत तर कहर झाला. शेजारच्या माणसानं मोबाईल भाईजानांसमोर धरला. व्हिडिओत त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. "बघा चाचा, हा मुखेडचा मौलाना. येडा हाय का न्हाई?"

भाईजान बारकाईनं बघून म्हणाले, "हाय थोडा. मी वळखतो त्याला. घरात बी असंच करतो."

"त्याच्या बायकोचे हाल असतील."

"लई हाल," भाईजान म्हणाले, आणि मग त्याला त्याच्या बहिणींबद्दल विचारलं. तो माणूस अहमदपूरला उतरला. तिकीट लातूरचं होतं.

* * *

मशिदीच्या कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, होते हाजीसाब. बागायतदार माणूस. मशिदीची फरशी त्यांनी केली, नमाजेआधी हातपाय धुवायचे, वजूचे नळ त्यांनी केले. त्यांची विधवा बहीण रहेमतबी त्यांच्याच वाड्याच्या मागच्या खोलीत राहायची आणि भावाच्या घरच्या भाकऱ्या थापायची. तिला जमिनीतलं काही मिळालं नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. आज ना उद्या भाईजान हाजीसाबांच्या मय्यतीत उभे राहणार आणि विचारणार, हेही ठाऊक होतं. हाजीसाबांनाही.

त्यांनी कमिटी बोलावली आणि भाईजानांना सांगितलं, "मौलाना, दीन-धरम शिकवा. जमीन शिकवू नका."

"हाजीसाब, मला दोन्ही एकाच किताबात सापडलं."

त्याच आठवड्यात भाईजानांना इमामाच्या जागेवरून काढलं. भाईजान राहायचे ती मशिदीमागची खोली खाली करायला सांगितली. बायको, दोन पोरी आणि पुस्तकांच्या पेट्या माझ्या दोन खोल्यांत आल्या. आमची मोठी पुतणी दहावीला होती. ती मोटारींच्या आवाजात अभ्यास करायची.

माझं डोकं फिरलं. मी मोठा पाना घेऊन मशिदीत गेलो. नवा इमाम नमाज पढवायच्या बेतात होता. आणि बघतो तर भाईजान शेवटच्या रांगेत उभे. ज्या मशिदीत बारा वर्षं पुढं उभे राहिले त्याच मशिदीत, सगळ्यांच्या मागं. मला बघून म्हणाले, "पाना बाहेर ठेव. वजू कर. माझ्या बाजूला जागा हाय."

मी कुणाला मारू, ते मला समजेना. मी वजू केला.

* * *

दोन वर्षं गेली. मग हाजीसाब गेले, भाईजानांच्या आठ दिवस आधी.

सकाळी त्यांचा मुलगा अन्वर माझ्या दुकानात आला. भाईजान मागं बसून वाचत होते. अन्वर दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "अब्बा सांगून गेले. नमाज मौलाना मुजीबनीच पढवायची. दुसऱ्या कुनी न्हाई."

मी हातातली तार सोडली. भाईजानांनी पुस्तक मिटलं. टोपी घातली आणि निघाले.

जोहरनंतर, म्हणजे दुपारच्या नमाजेनंतर, कब्रस्तानात उभं राहायला जागा नव्हती. मे महिना, झाड एक नाही. सगळं गाव नमाजेला आलं होतं, पण बघायला पण आलं होतं. काही पोरांनी मोबाईल वर धरले होते. अन्वर पुढं आला, उधारीचं सांगितलं, माफीचं सांगितलं. मग आपणच भाईजानांकडं बघत थांबला.

भाईजान म्हणाले, "अन्वर, तुझ्या फुफीला मिळाला का?"

"न्हाई."

लोकांत गलका झाला. नवा इमाम म्हणाला, नमाज उरकून घ्या, ऊन लई हाय. भाईजानांनी हात वर केला. "बाई जिवंत हाय, घर जवळ हाय. रफीक, माफ केलं का ते जाऊन विचारून ये. त्या काय म्हणतात तेच सांग. आपलं काही घालू नको."

मी गाडीला किक मारली. हाजीसाबांच्या घरात बायकांची गर्दी. रहेमतबी मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, हातात तसबीहची माळ. मी दारातूनच सांगितलं, फुफी, तिकडं जनाजा थांबलाय. भाईजान विचारून राहिले, तुम्ही हाजीसाबांना माफ केलं का?

त्यांनी मणी ओढणं थांबवलं. बाकीच्या बायका म्हणायला लागल्या, केलं म्हना, केलं म्हना. त्यांनी सगळ्यांना हातानं गप्प केलं.

"माफ न्हाई केलं," त्या म्हणाल्या. "सांग मौलानाला. चाळीस वर्सं भाकरी केली, माफ न्हाई केलं. पन माझ्या भावाला उन्हात ठेवू नका. नमाज पढा."

मी परत आलो. लोकांनी वाट दिली. भाईजानांच्या कानाशी लागून जसंच्या तसं सांगितलं, एक अक्षर इकडं-तिकडं केलं नाही. त्यांनी जनाज्याकडं बघितलं. त्याच माणसानं त्यांना घरातून काढलं होतं. सगळं कब्रस्तान कान लावून होतं.

भाईजान लोकांकडं वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "फुफी म्हणाल्या, माझ्या भावाला उन्हात ठेवू नका."

मग वळून नमाज सुरू करायला त्यांनी दोन्ही हात कानांपर्यंत नेले.