घासून गेलेला नंबर

जळगावच्या आरटीओच्या आवारात निरीक्षकाने आमच्या जीपच्या सांगाड्यावर कागद धरला आणि त्यावर आडवी पेन्सिल घासायला लागला. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून छाप काढायचो, तशीच ही रीत. लोखंडात ठोकलेला नंबर कागदावर उमटतो, तो आरसी बुकातल्या नंबराशी जुळला की पासिंग झालं. त्याने घासलं, अजून घासलं. कागद काळाभोर झाला, आकडा मात्र एकही उमटला नाही.

"ताई, नंबर कुठाय?"

"तिथेच असेल की," मी म्हटलं. "नीट बघा ना. चष्मा लावा."

त्याने मला वाकून बघायला सांगितलं. मी वाकले. जिथे नंबर हवा तिथे लोखंड आरशासारखं लख्ख होतं आणि त्यात मला माझंच तोंड दिसत होतं. ते लोखंड तसं कोणी केलं, कधी केलं आणि कोणाच्या सांगण्यावरून केलं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

जीप आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. रावेरकडच्या आमच्या गावात त्यांनी ती मी शाळेत असताना आणली, जुनीच, धुळ्याच्या एका दलालाकडून. केळीच्या बागेत खत न्यायचं, पाव्हणे स्टेशनवरून आणायचे, मला कॉलेजला सोडायचं, सगळं तिच्यावर. पुढे ती गोठ्यामागे पडून राहिली. मी जळगावात ठिबकच्या सामानाचं दुकान चालवते, आणि दुकानातून चार पैसे सुटायला लागल्यावर मला एकच ध्यास लागला, आबांची जीप पुन्हा उभी करायची. आबांसाठी करायची. मी हे भेटेल त्याला सांगत सुटले होते.

जीप उभी करायची म्हणजे ग्रुपमध्ये शिरायचं. जळगाव-धुळ्यात जीपा सजवणाऱ्यांचा आमचा मोठा ग्रुप आहे. त्यात मी एकटी बाई, बाकी सगळे बाप्ये. मला ताई म्हणतात आणि माझ्या तोंडाला घाबरतात. आमचा म्होरक्या एक डाळमिलवाला. कायदा त्याला पाठ, आणि त्याच्यामुळे आम्हालाही. कंपनीने गाडी जशी काढली आणि आरसी बुकात जशी लिहिली, तशीच ती रस्त्यावर दिसली पाहिजे, एवढा सरळ तो कायदा. आम्ही तो पाठ केला होता तो पाळायला नाही, चुकवायला. ग्रुपकडे साध्या टायरांचा आणि साध्या सायलेन्सरचा एक सामाईक संच होता. ज्याची गाडी पासिंगला जायची त्याच्या घरी तो संच जायचा, लग्नात गावची मोठी पातेली जातात तसा. काम झालं की पुन्हा रुंद टायर, पुन्हा दणक्याचा सायलेन्सर, टपावर दिव्यांची पट्टी. ह्यात आपण काही गैर करतोय असं कोणाला वाटायचं नाही. मलाही वाटलं नाही, कशाला खोटं बोलू.

ग्रुपची आणखी एक रीत होती, आणि तिनेच आमचा घात केला. गाडी पूर्ण उघडून नुसता सांगाडा राहिला की आमचा धुळ्याचा मिस्त्री तो घासूनपुसून तयार करायचा. मग रंग मारण्याआधी ग्रुप जमायचा. हिवाळ्यात कोणाच्या तरी मळ्यात भरीत पार्टी ठरायची, तुरीच्या काड्यांच्या, तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजायला टाकायची, आणि ती भाजेपर्यंत सांगाड्याची परीक्षा. प्रत्येकाने डोळे मिटायचे आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवत न्यायचा. वेल्डिंगचा फुगवटा, गंजाचा खड्डा, कुठेही हात अडकला की तो ओरडायचा, "अडकला!" आणि मिस्त्री तिथे खडूने फुली मारायचा. फुली म्हणजे पुन्हा घासणं. हात अडकला नाही पाहिजे, हाच आमचा मान. एकाही फुलीविना पास झालेल्या सांगाड्याचं नाव वर्षभर निघायचं.

आबांच्या जीपच्या वेळी पुढच्या बाजूला एका ठिकाणी प्रत्येकाचा हात अडकला. प्रत्येकाचा! तिथे रंगाचे थर, खताने खाल्लेला गंज आणि जुनी माती अशी खपली धरली होती. मिस्त्री म्हणाला, फार खोल आहे, असू दे. मीच हट्टाला पेटले. म्हटलं, माझ्या बापाची जीप आहे, फुली राहता कामा नये. ग्राइंडर लागला, ठिणग्या उडाल्या, वांग्यांचा वास आणि लोखंडाचा वास एक झाला. मी पुन्हा डोळे मिटून हात फिरवला. अडकला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गाड्यांमध्येच जन्म काढणारे एवढे लोक तिथे उभे होते, डाळमिलवाल्याच्या तर सात पिढ्यांनी जीपच चालवली असेल असा त्याचा तोरा, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की हात अडकतो तिथे गाडीचं नाव लिहिलेलं असतं.

आरटीओच्या आवारात हे सगळं मी निरीक्षकाला सांगितलं. भरीत पार्टीसकट सांगितलं. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "ताई, नंबर घासलेली गाडी म्हणजे आमच्यासाठी चोरीची गाडी. मला पोलिसांना कळवावंच लागेल." मी भांडले. आवाज चढवला. टायर साधे आहेत, सायलेन्सर साधा आहे, अजून काय पाहिजे, असंही म्हटलं. त्याने शांतपणे आरसी बुक फाइलला लावलं. दुपारी जीप पोलीस ठाण्याच्या आवारात जाऊन उभी राहिली, आणि मी रिक्षाने घरी आले.

आबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे काय वं माय? आता माही गाडी माही नाई का?"

"तुमचीच आहे आबा. सोडवून आणते मी."

ग्रुपने काय केलं, ते सांगायची लाज वाटते. त्या दिवशी जळगाव आणि धुळ्यातला प्रत्येक जण हातात टॉर्च घेऊन आपापल्या जीपखाली शिरला होता. आपला नंबर जागेवर आहे हे बघून जिवात जीव आल्यावर त्यांनी मला फोन केले. डाळमिलवाला म्हणाला, "ताई, घाबरू नका. मिस्त्री ठोकून देईल ना नवा नंबर. आकडे तेच, जागा तीच. कोणाला कळतंय?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी पोलिसांच्या ताब्यात, आणि हा मला तिच्यावर नंबर ठोकायला सांगतो! मी त्याला असं काही सुनावलं की त्याने फोनच ठेवला. ग्रुपवरचे भरीत पार्टीचे फोटो संध्याकाळच्या आत गायब झाले. मिस्त्रीने तर शटर ओढून सासुरवाडी गाठली.

पोलिसांनी तपासणीसाठी एक तज्ज्ञ बोलावला. घासलेला नंबर परत काढणारा माणूस असतो, हे मला तेव्हा कळलं. लोखंडावर आकडा ठोकला की त्याचा दाब खोल जातो, वरचं कितीही घासलं तरी आतला दाब राहतो, असं त्याने समजावलं. आबा गावाहून आले होते, स्वच्छ धोतर-टोपीत, लग्नाला आल्यासारखे. आम्ही दोघं आवारातल्या कडुलिंबाखाली उभे. तज्ज्ञाने ती लख्ख जागा आणखी लख्ख केली आणि कापसाच्या बोळ्याने त्यावर काहीतरी औषध फिरवायला लागला. आधी नुसता धूर. मग एक काळपट रेघ, मग दुसरी. आकडे वर यायला लागले. फौजदारसाहेबांनी आरसी बुक समोर धरलं आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. जुळला. पुढचा जुळला. माझा जीव भांड्यात पडला. मी आबांचा हात धरला, आणि त्यांनी वर बघून हात जोडले.

तज्ज्ञ मात्र थांबला नाही. त्याने पुन्हा बोळा फिरवला, वाकला, भिंग लावलं. "साहेब, जरा इकडे या," तो म्हणाला. "ह्याच्या खाली अजून एक नंबर आहे."

मला आधी वाटलं तो चेष्टा करतोय. मग मी स्वतः बघितलं. आबांच्या नंबराच्या आकड्यांमधून दुसरे आकडे डोकावत होते, जुने, जास्त खोल. कोणीतरी कधीकाळी पहिला नंबर घासून त्यावर दुसरा ठोकला होता. आजवर प्रत्येक पासिंगला वरचा तेवढा उमटला. आम्ही तो उडवला नसता तर खालचा कोणाला कधीच दिसला नसता. आबांकडे बघवेना.

"मी चोरीची गाडी आनीन का, साहेब?" आबा म्हणाले. "गावात कोनालेबी इचारा. मले आजपावतो कोनी एक शब्द बोलला नाई."

साहेब म्हणाले, "आबा, तुमच्यावर कोणी आळ घेत नाही. तुम्हाला फसवून विकली असणार. पण गाडी मूळ मालकाची."

मूळ मालक सापडेल असं मला वाटलं नव्हतं. सापडला. शिंदखेड्याकडच्या एका गावात एक म्हातारबाबा, ज्यांची जीप ऐन तरुणपणी धुळ्यातून चोरीला गेली होती. त्या जीपमधून ते गावातून धुळ्याला माणसांची ने-आण करायचे. गाडी गेली आणि ते जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांवर चालक राहिले. पोलिसांनी त्यांना ओळख पटवायला जळगावला बोलावलं. मी त्या दिवशी भांडायच्या तयारीनेच गेले होते. एवढी वर्षं ती आमच्याकडे आहे, मी तिच्यावर जीव ओतलाय, काय पाहिजे ते घ्या पण गाडी आम्हाला राहू द्या, असं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. आबाही सोबत होते.

नाना, सगळे त्यांना नानाच म्हणत होते, एसटीने आले. हवालदाराने बोट दाखवलं. नाना जीपजवळ गेले आणि थबकले.

"हाई?" त्यांनी विचारलं.

"हीच, नाना."

ते तिच्याभोवती फिरले. बॉनेटवरून हात फिरवला, मागे जाऊन वाकून पाहिलं. मी उंच स्प्रिंगा टाकल्या होत्या, बंपर नवा, टप नवा, आतल्या बाकांच्या जागी कातडी खुर्च्या. नाना पुन्हा डाव्या बाजूला आले आणि खाली काहीतरी शोधायला लागले.

"पायरी कोठे गयी?"

"कसली पायरी?" मी म्हटलं.

"मी स्वता लावेल व्हती. मनी मायले चढता ये नही म्हनीसन. वाकडी व्हती जराशी."

होती. खाली लोंबणारी वाकडी लोखंडी पायरी होती. आम्ही ती जन्मभर जीपचीच समजत होतो. मिस्त्रीने विचारलं होतं, हिचं काय करू, आणि मी म्हटलं होतं, काप, ध्यान दिसतंय. नानांनी आत बसून बघायचं म्हणून पाय उचलला. तो पोचला नाही. दुसऱ्यांदा उचलला, तरी नाही. आबा पुढे झाले, नानांच्या कोपराला आधार दिला आणि म्हणाले, "राहू द्या नाना. मलेबी चढता येत नाई तिच्यात."

"आबा, काहीतरी काय बोलता?" मी म्हटलं. "तुम्ही बसलात की कितीदा."

"कवा?" आबा म्हणाले. रागाने नाही, साधंच विचारलं. "तू ते करून आनल्यापासून मी बसलोच नाई वं. ते पायरी व्हती तवा चढता ये."

मी आठवायला लागले. पूजेच्या दिवशी त्यांनी नारळ खाली उभं राहून फोडला होता. दसऱ्याला झेंडूचा हार जमिनीवरून टाकला होता. मळ्यात मी जीप न्यायचे, आणि आबा मागून पुतण्याच्या मोटारसायकलवर यायचे. मी त्यांच्यासाठी केलेल्या जीपमध्ये माझा बाप एकदाही बसला नव्हता, आणि मला ते कळलंही नव्हतं. मी जुळवून आणलेलं सगळं भाषण बाजूला पडलं.

नाना टोपी काढून घाम पुसत होते. साहेबांनी विचारलं, "काय नाना, तुमचीच ना?"

"नंबर मना शे, साहेब," नाना म्हणाले. "पन हाई गाडी मनी नही शे."

साहेबांनी आबांकडे पाहिलं. आबांनी मान हलवली. "माहीबी नाई, साहेब."

दोघं म्हातारे एकमेकांच्या आधाराने लिंबाच्या सावलीत जाऊन बसले. साहेबांच्या हातात पेन तसंच होतं. "मग मी लिहू काय?" ते मला म्हणाले. "गाडी कोणाची?" माझी आहे म्हणायला मी तोंड उघडलं, पण माझा हात आपोआप पायरी कापली होती त्या जागेवरून फिरला. तो कुठेच अडकला नाही.