एका टाचणीवरची जोडी

"विसरायला मी काय संत आहे?" असं म्हणत बाई किड्याला टाचणी टोचायच्या. हात जराही हलायचा नाही.

तुम्ही कॉलेजांत पुष्कळ प्राध्यापिका पाहिल्या असतील. राग इतक्या निगुतीनं सांभाळणारी मी ही एकच पाहिली. मी लातूरकडचा, सातवीत शाळा सोडलेला. कामासाठी रत्नागिरीत आलो, तेव्हा बाईंनी मला कीटकांच्या पेट्या राखायला ठेवलं. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून कपाटात बल्ब जळत ठेवायचा. वीज गेली की मी जेवण सोडून कपाटापाशी बसायचो. घरून आणलेला डबा पुढे सरकवत बाई म्हणायच्या, "जेव मेल्या. किडे मेलेलेच आहेत."

त्यातली एक पेटी दक्षिण अमेरिकेतली. आपल्या आंब्यावरच्या तुडतुड्यांचे लांबचे भाईबंद, काहींच्या पाठीवर शिंगं. विद्यार्थिनी असताना बाईंनी पुण्यातल्या आपल्या सरांना सांगितलं होतं, की शिंगाचा तो नर आणि बिनशिंगाची ती त्याचीच मादी. सर हसले. मादीला त्यांनी वेगळी, नवी प्रजाती ठरवून आपल्या नावानं छापलं. वर "हिला नजर नाही" असा शेरा मारून बाईंची तिथली ठरत आलेली नोकरी घालवली.

२००३ साली ब्राझीलहून एक डबी आली. मीलन चालू असतानाच पकडलेली जोडी, एकाच टाचणीवर. नराला शिंग, मादीला नाही. बाईंनी दिवसभर भिंगातून ती जोडी पाहिली. मग लिहायला बसल्या. एकाच किड्याला दोन नावं पडली असली, तर वर्गीकरणात आधीचं नाव टिकतं, नंतरचं रद्द होतं. पण रद्द नाव पुसत नाहीत. ते ठेवणाऱ्याच्या नावासकट टिकलेल्या नावाखाली कायम लिहितात.

"चूक कोणाची ते जगबुडीपर्यंत दिसेल," बाई म्हणाल्या.

लेखाची कुणकुण लागून सरांचा फोन आला. "मी मेल्यावर छाप," एवढंच मागत होते.

"सर, तुम्ही वाचायला हवंत म्हणून तर घाई करत्ये."

लेख छापलेला अंक आला तसं मला पुण्याला धाडलं. हातात दे आणि चेहरा बघून ये, म्हणाल्या. सरांनी पान वाचलं. चष्मा काढून पानावर ठेवला. बायकोला खिडकी लावायला सांगितली. मला पाणीसुद्धा विचारलं नाही. मी बाईंचं अन्न खाल्लेला. डोळे भरून पाहून घेतलं.

हे बाईंनी मला किती वेळा सांगायला लावलं! चष्मा खाली ठेवला म्हटलं की विचारायच्या, "खाली, की पानावर?"

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात त्यांना ऐकू येईना. मी केसपेपर पुढ्यात धरला, नसलेला चष्मा काढून त्यावर ठेवला, उठून खिडकी लावली. बाई हसल्या. मग बोटानं खूण केली, पुन्हा.

मी खिडकी उघडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.