खांड्याशी लागलेलं लग्न

माघ उतरत आला तरी देवासची थंडी हटत नव्हती. टेकडी धुक्यात गडप. परसातली माती पायाला चावत होती. जमुनाबाई चुलीपुढे उकिडवी बसून ओली लाकडं फुंकणीनं फुंकत होती. पाणी तापवायचं ते नवऱ्याच्या आंघोळीचं. सासरी येऊन आज आठवा दिवस, आणि आठ दिवसांत नवरा तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता.

चूक तिचीच होती. पण ती सुरू कुठून झाली, ते मात्र तिला उमगत नव्हतं.

बहुतेक सगुणाबाईपासून. धारला आईविना वाढलेल्या जमुनेला या म्हाताऱ्या दाईनंच सांभाळलं. केसांना तेल चोळताना ती रोज राजपुत्राची गोष्ट सांगे. सात नद्या ओलांडून तो यायचा, राक्षसाला लोळवायचा, राजकन्येला घेऊन जायचा.

"पण तो खरा राजपुत्र कशावरून?"

"अगं बाई, तलवार ज्याच्या कमरेला, तो! जीव देईल, पण आपली तलवार दुसऱ्याच्या हाती नाही देणार."

प्लेगाच्या दोन सालांत मुहूर्त हुकले. शेवटी देवासचं स्थळ ठरलं तेव्हा जमुनेला सतरावं लागलेलं. ऐनवेळी नवरदेवाला, उदाजीरावांना, दरबारच्या कोठारातून रजा मिळेना. मग मराठ्यांच्या घरी अशा वेळी करतात तेच केलं. नवऱ्याचा खांडा आला, पाटावर उभा केला, अंतरपाट धरला, आणि पोरीनं तलवारीला माळ घातली. रजेचं तिला कोणी सांगितलंच नाही. मोठ्या घराण्यांत नवरदेव मानानं बाजूला उभा राहतो आणि तलवार पुढं करतो, अशी तिनं आपली समजूत करून घेतली.

खांडा घेऊन आला होता धाकटा दीर, प्रतापराव. परतीच्या वाटेवर तोच गाडीशेजारी घोड्यावर, आणि कमरेला तोच खांडा. पडद्याच्या फटीतून तिला त्याच्या मिशा दिसत. दुपारी तो गाडीवानाला म्हणाला, "भिया, गाडी जरा छांव में ले लो. आत माणूस आहे, गठडी नाही." जमुनेनं पडद्याची फट बोटभर रुंद केली. हाच तो.

देवासला उंबऱ्याशी सासू, भवानीबाई, ओवाळायला उभी होती. "उदा, ये रे, सुनेजवळ उभा राहा." चष्मा लावलेला, बाहीवर धान्याची धूळ असलेला एक किरकोळ माणूस पुढं झाला. जमुना अंग चोरून बाजूला सरली आणि सरळ प्रतापरावाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

विंचू डसल्यासारखा प्रतापराव उडाला. "वहिनीसाहेब, मी दीर! मी दीर!"

बाया पदर तोंडात कोंबून हसल्या. उदाजीरावांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

चुलीवरचं पाणी तापलं. ते न्यायला उदाजीराव स्वतःच आले. चुलीकडे बघत म्हणाले, "परवा मांडवपरतणीला तुमच्या माहेरी, धारला जायचंय. मी येऊ, की प्रतापच पोचवू दे तुम्हांला?"

तिनं फुंकणी खाली ठेवली. गोष्ट लग्नाशी संपायची. आठव्या दिवशी काय बोलायचं, ते सगुणाबाईनं कधी सांगितलंच नव्हतं. हा माणूस रागावलाय म्हणावं, तर लाजल्यासारखे कान लाल.

"तो खांडा... आपलाच ना?"

"आजोबांचा. म्यानातून निघत नाही. तेल सोडून पाहिलं."

"आणि घोडा?"

"बसता येत नाही. दोनदा पडलोय."

"मग गाडीत बसा," ती बोलून गेली.

"गाडीत? तुमच्यासोबत?"

"नाहीतर काय बैलांसोबत?"

ते हसले, आणि त्या नादात उघड्या हातानं हंडा धरून चटका लावून घेतला. फुंकर मारत, पाणी घेऊन गेले.

जमुना तशीच बसून राहिली. आपण काय बोललो? या माणसाला मागं ठेवून जायचं मनाला येईना, एवढं खरं. पण गाडीशेजारची ती टापही अजून कानातून गेली नव्हती. सगुणाबाई म्हणायची तसं उरात काही उसळलं नाही. म्हणजे हे ते नव्हे. मग हे काय?

"सूनबाई!" आतून भवानीबाई ओरडल्या. "गहू कोण निवडणार? परात कधीची मांडून ठेवलीय!"

"आले, आत्याबाई."

हात धुऊन ती परातीपुढं बसली. खडा म्हणून चांगला दाणाच फेकला, मग उठून तो शोधून आणला आणि पुन्हा निवडायला लागली.