फळ्यावर नसलेलं नाव

रमाताई गेल्याचं कळलं तेव्हा मी सुपरमार्केटमध्ये कांदे निवडत होते. तिच्या नवऱ्याचा, भास्कररावांचा फोन आला. "सुजाता, रमाची गाडी ट्रकखाली गेली... जागच्या जागी." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. पिशवीत भरलेले कांदे मी एकेक करून परत ढिगात ठेवले, का ते अजून कळलेलं नाही. हॅमिल्टनपासून तासाभराच्या अंतरावरच्या कारखान्यात ती रोज सकाळी गाडी हाणत जायची, कारण जवळचं काम सुटलं होतं. ते सुटलं त्याला मीही कारण होते. ती जाऊन पाच आठवडे झाले; परवापर्यंत हे कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून आता लिहिते आहे.

आम्ही दोघी एकाच वर्षी न्यूझीलंडला आलो. नवरे इंजिनिअर, आणि आम्ही त्यांच्या व्हिसाला चिकटून आलेल्या. ती बोपोडीची, मी पिंपरीची. तिची एम.एस्सी. आणि माझं बी.कॉम. इथे कुणी विचारेना, तेव्हा दोघी किवी फळांच्या पॅकहाउसमध्ये लागलो. सीझनचे तीन महिने पट्ट्यावरून फळं सरकत येणार, आम्ही डागी बाजूला काढणार. पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरनं एका वयस्क सामोअन बाईला बाथरूमला जाऊ दिलं नाही. रमाताईनं लाल बटण दाबून अख्खी लाइन बंद पाडली आणि भरलेलं क्रेट त्याच्या पायांवर आपटलं. तो एका पायावर नाचत ओरडायला लागला, तर ही शांतपणे म्हणाली, "नाऊ यू होल्ड इट." नाकाच्या शेंड्यावर राग म्हणतात, तसा तिचा होता. मला तिची भीती वाटायची आणि तिच्याशिवाय करमायचंही नाही.

पुढे ती युनियनची प्रतिनिधी झाली. सीझनपुरत्या माणसांना पुढल्या वर्षी पुन्हा बोलवायचं की नाही, हे तोवर मालकाच्या मर्जीवर होतं. युनियननं भांडून करार केला : जो आधी लागला त्याला आधी बोलवायचं, मग तो सभासद असो वा नसो. म्हणून सभासद नसलेल्यांच्याही पगारातून दर आठवड्याला फी कापायची, पार्टटाइमवाल्यांच्यासुद्धा. गुप्त मतदान झालं, ठराव पास झाला. ज्याला फी द्यायची नसेल त्यानं शुक्रवारपर्यंत ऑफिसात तसं लिहून द्यायचं होतं.

"आठवड्याचे तीन दिवस काम, आणि त्यात हे कापणार?" मी कुरकुरले.

"जयंतीचं जेवण पोटभर जेवतेस ना? मग वर्गणीच्या वेळी तोंड का वाकडं?" ती म्हणाली.

शुक्रवारी मी गुपचूप चिठ्ठी देऊन आले.

आणि मग रमाताईनं ती चूक केली, जी बोपोडीत चूक ठरलीच नसती. तिथे जयंतीच्या आधी चौकात फळा लागतो, वर्गणी देणाऱ्यांची नावं त्यावर येतात, आणि कुणाचं नाव नाही हे वस्तीला आपोआप कळतं. सोमवारी तिनं चहाच्या खोलीत तस्साच फळा लावला. फी देणाऱ्यांना विचारविचारून नावं लिहिली. त्यात आम्ही अकरा जण नव्हतो. युनियनच्या माणसानं कपाळाला हात लावला. "रमा, हे इथे चालत नाही. ती ज्याची त्याची खाजगी गोष्ट आहे." तिला खरंच कळेना. "मी तर देणाऱ्यांचा मान केलाय," ती म्हणत राहिली.

दुपारच्या सुट्टीत फोर्कलिफ्ट चालवणारा गॅरी आत आला. त्याचंही नाव नव्हतं. "टेक इट डाउन," तो म्हणाला. ती फळ्यासमोर उभी राहिली. त्यानं दोन्ही हातांनी तिच्या छातीवर धक्का दिला. तिचं डोकं मागच्या लोखंडी कपाटावर आदळलं, मी तो आवाज ऐकला. मग तिनं हातातला स्टीलचा डबा त्याच्या तोंडावर हाणला. एकदा नाही, तीनदा. नाकाचं हाड मोडलं, कुणाच्या तरी चहात रक्त पडलं, फळा खाली पडून त्याचे दोन तुकडे झाले. चौघांनी धरलं तरी ती आवरत नव्हती.

चौकशीत मॅनेजरनं मला विचारलं, आधी हात कुणी उचलला? त्यानं ढकललं तेव्हा मी तीन हातांवर उभी होते. खरं बोलले असते तर पुढल्या सीझनला हे लोक मला बोलावतील का, एवढं एकच डोक्यात होतं. शिवाय फळ्यावर माझं नाव नाही हे तिनंच गावभर केलं, याचा राग... तोही होता. मी म्हटलं, "मी कप विसळत होते. पाठ होती माझी." बाकीच्यांनीही काही पाहिलेलं नव्हतं. त्याच दिवशी तिला काढलं.

कार पार्कमध्ये ती माझी वाट बघत होती. "पाठ होती काय गं तुझी?" म्हणाली आणि थोबाडीत मारली. दात लागून माझा ओठ फाटला. "जा आता, कामाला जा." मी गेले. पुढल्या सीझनला मला बोलावणंही आलं, तिनंच भांडून मिळवलेल्या करारानं. मी लाज सोडून गेले.

परवा तिच्या घरी गेले. भास्करराव सोफ्यावर मान खाली घालून बसले होते, मुलगी अमृता चहा करत होती. बसायच्या आधीच मी बोलून टाकलं, "गॅरीनं आधी ढकललं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं होतं."

अमृता कप काढायला वळली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण ती बोलते इंग्रजीच.

"वी नो, आंटी," ती म्हणाली. "मम ऑल्वेज सेड, सुजाता विल टेल यू व्हेन आय ॲम डेड."

आणि तिनं कपाटाचं दार असं धाडकन आपटलं की आतली भांडी खणखणली.

"रमा, हळू गं..." भास्करराव मान वर न करताच म्हणाले.