हायड्रा सर आणि माझी आश्लेषा

आमच्या हायड्रा सरांना कुठलाही विषय द्या, थोड्या वेळात ते हायड्रावर यायचे. बारशाच्या पंगतीत सोलकढीचा घोट घेता घेता म्हणायचे, "यावरून आठवलं. हायड्राला तोंड एकच. खायचं तिथूनच आणि टाकायचंही तिथूनच." मग शेजारची माणसं वाटी खाली ठेवायची आणि सर निवांतपणे भात मागून घ्यायचे.

डिचोलीला अकरावी-बारावीत ते आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायचे. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "हायड्रा कोणी पाहिलाय?" सगळ्या वर्गाने हात वर केले. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कधी घडलं नव्हतं. सरांचे डोळे भरून यायचेच बाकी राहिले. पण आम्ही बहुतेक खाणीवरच्या ट्रकवाल्यांची मुलं. माझे बाबाही सावंतवाडीकडून येऊन मुळगावला ट्रक चालवायचे. रस्त्यात उलटलेला ट्रक उचलायला जी पिवळी क्रेन येते, तिला आमच्याकडे हायड्रा म्हणतात.

"सर, आमच्या दारातच उभा असतो," मागून कोणीतरी म्हणालं.

"दारात? तळ्यात म्हण, तळ्यात!"

"तळ्यात पडलेला ट्रक काढायला पण तोच येतो, सर."

दुसऱ्या दिवशी सरांनी जॅमच्या बाटलीतून तळ्याचं पाणी आणलं. भिंगातून पाहिलं तर पानाला चिकटलेला शेवईच्या तुकड्याएवढा जीव, टोकाला धाग्यांसारखे हात. सर सांगू लागले. ग्रीक लोकांच्या कथेत हायड्रा नावाचा नऊ तोंडांचा पाणसाप होता. एक तोंड कापलं की तिथे दोन उगवायची. हा जीवही कापला तरी तुकड्यातून पुन्हा पुरा वाढतो, म्हणून त्याला तेच नाव. वर आकाशातल्या सगळ्यांत लांब तारकासमूहालाही तेच नाव. "आणि त्या समूहाचं डोकं म्हणजे आपलं आश्लेषा नक्षत्र."

मी हात वर केला. "सर, मी आश्लेषाची."

"अगो, मग तू तर थेट डोक्यातच जन्मलीस!" सर इतके खूश झाले, की मला बाटली घरी न्यायला दिली. वर्गात असा मान दुसऱ्या कोणाला मिळाला नाही.

पुढे मी म्हापशाला नोकरीला लागले. तिथे धारगळच्या एका मुलाशी ओळख झाली आणि लग्नाचं ठरवायची वेळ आली. हायवेला लागून त्यांचं हार्डवेअरचं दुकान. वडील लवकर गेलेले, आईनेच दुकान चालवून मुलाला वाढवलेलं. सगळं जुळत आलं, आणि पत्रिका पाहणाऱ्याने सांगितलं, आश्लेषाची सून सासूला वाईट.

मुलाची आई भांडली नाही. बाबांना चहा देऊन माझं कौतुक केलं आणि एवढंच म्हणाली, "चेडू तुमचा सोन्यासारखा. पण माका अजून थोडी वर्सां जगूक जाय." बाबा चहा तसाच ठेवून उठले. तो मुलगा रोज फोन करून म्हणायचा, आईला समजावतो. पण समजावायचं काय, ते त्यालाही कळत नव्हतं आणि मलाही.

तोवर सर निवृत्त झाले होते. बाबा त्यांना डिचोलीच्या बाजारात भेटले आणि सगळं सांगून बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर स्कूटर घेऊन आमच्या दारात. "नक्षत्राचा प्रश्न ना? मग तो माझ्या विषयातला. बस मागे." माझ्या हातात त्यांनी तसलीच तळ्याच्या पाण्याची बाटली दिली. वाटेत मी विनवलं, "सर, हायड्राचं नको हं." त्यांनी मान डोलावली.

धारगळला पोचून पाणी पिताच सरांनी मुलाच्या आईसमोर सुरुवात केली. "बाई, आश्लेषा म्हणजे हायड्राचं डोकं. हायड्रा म्हणजे नऊ तोंडांचा साप..."

"रवळनाथा!" त्या भिंतीला टेकल्या. "एका तोंडाची सून सांभाळूक जड, आणि ही नऊ तोंडांची?"

माझं लग्न मोडलं, असं मी मनात म्हटलं. सरांनी घाईघाईने भिंग काढून बाटली पुढे केली. त्या बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"हो किडो? ह्येचा नाव आणि त्या सापाचा नाव एकच?"

"एकच."

"एवढ्याशा किड्याक! तुमचे शास्त्रवाले नाव ठेवताना कोणाक विचारत नाय?"

सरांनी बाटली परत घेऊन तिचं झाकण घट्ट लावलं. मग त्या म्हणाल्या, "तो आकाशातलो दाखवा बघूया."

दिवस नुकताच मावळला होता. हायवेचे दिवे टाळायला आम्ही मागच्या काजूच्या झाडांकडे गेलो, परसातला बल्ब बंद केला. काळोख पडेपर्यंत सगळे माना वर करून उभे.

"बरोबर डोक्यावर बघा. फिकट ताऱ्यांचं लहानसं कडं."

"तो हलता तो?"

"ते विमान. खाली उतरतंय."

"मग तो?"

"तेही विमानच."

"माका कायच दिसना, सर."

सरांनी मान चोळली. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "बाई, एवढं बोट दाखवूनही ही आश्लेषा तुम्हाला दिसत नाही. मग इतक्या लांबून तिला तुम्ही कशा दिसाल?"

मग त्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या. हसता हसता खालीच बसल्या. मुलाला म्हणाल्या, "दिवो लाव रे. आणि ह्या चेडवाक चाय दी."

लग्नात सरांनी भटजींना हायड्रा समजावून सांगितला. नंतरही वर्षानुवर्षं ते येत राहिले. चतुर्थीला सासूबाई त्यांच्यासाठी करंज्यांसारख्या नेवऱ्या बाजूला काढून ठेवायच्या आणि विचारायच्या, "तुमचो किडो बरो आसा मा?" सरही तितक्याच आपुलकीने त्याची खुशाली सांगायचे.

गेल्या वर्षी सर गेले. सासूबाई हट्टाने माझ्याबरोबर डिचोलीला आल्या, सरांच्या पायांशी बसून रडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते, तर चहाच्या आधी स्वतःहून रक्तदाबाची गोळी काढत होत्या. इतकी वर्षं ती गोळी त्यांच्या गळी उतरवता उतरवता मी थकून गेले होते.

"आज काय विशेष?" मी विचारलं.

"उद्या माका काय झाला, तर आळ तुझ्यार येतलो. लोकांक समजावूक आता सर नाय." गोळी गिळून त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे दिला. "तुझ्यासाठी तरी माका इतक्यात मरूक जावचा नाय गो."