कैचीवरचं वजन

तास घेणाऱ्या सरांनी माझ्या सदऱ्यावर खडूनं डब्ल्यू काढला. छातीवर, मोठा. पोरं हसली. मीही हसलो.

मी तेव्हा लोखंडी कैचीवर बसलो होतो. कारखान्याच्या पत्र्याखाली, छप्पर पेलायला दांड्यांची त्रिकोणी चौकट असते तशी कैची, पण लहान, जमिनीलगत उभी केलेली. दांड्याला दांडा एकेका पिननं जोडलेला. दोन टोकांना दोन टेकू आणि प्रत्येक टेकूखाली एक वजनकाटा. मधे भार ठेवायचा, कोणत्या टेकूवर किती आला ते काट्यावर वाचायचं, मग कोणता दांडा ताणला जातो आणि कोणता दाबला जातो ते गणितानं काढायचं. जळगावच्या एका तंत्रनिकेतनात पोरांना हे शिकवायचे. भार म्हणजे डब्ल्यू. डब्ल्यू म्हणजे मी.

आधी लोखंडी वजनं होती. ती मीच एका सांध्यावरून उचलून दुसऱ्या सांध्यावर ठेवायचो. त्यात वेळ जायचा. एक दिवस सर म्हणाले, "वजनं राहू दे. तूच बस. तू आपला आपण सरकशील."

तीच पद्धत पडली. पोरांची नवी तुकडी आली की आधी मला काट्यावर उभं करून तोलायचे. मग खालच्या सांध्यावर फळी टाकून बसवायचे. "सरक." मी सरकायचो. "हलू नको." मी हलायचो नाही. "अरे, श्वास धर, काटा नाचतोय." मी श्वास धरायचो. आणि उतरल्यावर विचारायचो, "सर, बरोबर झालं ना?"

हो. मीच विचारायचो.

आम्ही बौद्ध. गाव नरडाण्याच्या बाजूला. शाळा सातवीतच सुटलेली. रोजंदारीवर मला सरांनीच लावलं. वर्कशॉपमागची खोली झोपायला त्यांनीच मिळवून दिली. निघताना आई म्हणाली होती, "सरनं मन मोडू नको, भाऊ. तठे आपलं कोनी नही." तिथं आपलं कोणी नव्हतं हे खरंच. जळगाव म्हणजे काही परदेश नाही, पण मला तो परदेशच होता. कामावरून काढतील ही धास्ती सकाळी उठल्यापासून असायची. त्या धास्तीलाच मी उपकाराची जाणीव म्हणत होतो.

नव्वदच्या आसपासचे दिवस. राखीव जागांवरून कॉलेजात वातावरण तापलेलं. अशाच एका दिवशी मी कैचीच्या मधोमध बसलेलो. स्कूटरवरून येणारा एक पोरगा होता, इस्त्रीच्या कपड्यातला. तो म्हणाला, "सर, याच्या वजनात सवलत धरायची का?"

हशा झाला. सरही हसले. मग छडी बाजूच्या एका उभ्या दांड्यावर ठेवून म्हणाले, "भार मध्यावर आहे. आता या दांड्यात बल किती? शून्य."

"म्हणजे फुकट्या, सर?"

"फुकट्याच. जागा अडवून बसलाय, भार काही घेत नाही. आपल्या देशात असे पुष्कळ आहेत."

असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

मी त्या दांड्याकडे पाहिलं. थोड्या वेळापूर्वी मी बरोबर त्याच्याच खाली बसलो होतो. तेव्हा माझा सगळा भार त्यानं धरला होता. सरांनीच तसं सांगितलं होतं, पोरांनी लिहून घेतलं होतं. मी जरा सरकलो, तर तो फुकट्या झाला. आणि मी? एकाच तासात मी त्यांचा भार झालो आणि भार न घेणारा फुकट्याही झालो. दोन्ही त्यांनीच ठरवलं. मला कोणी विचारलं नाही.

मी उतरलो.

"अरे! रीडिंग राहिलंय."

"राहू द्या."

"काय म्हणालास?"

तोंडात घरची बोलीच आली. "आते मी नही बससू."

"मग भार कोण? मी बसू?"

"बसा ना, सर. नाहीतर त्याले बसाडा." मी स्कूटरवाल्याकडे बोट केलं. "त्याना बी वजन शेच ना."

मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मी अजून एका हातानं कैची धरून होतो. शूरपणा वगैरे काही नव्हता.

सर जवळ आले. आवाज एकदम मऊ केला. "कुठून उचलून आणलं तुला, विसरलास? माफी माग, बस. मी मनात ठेवणार नाही."

त्या मऊ आवाजानं मी जवळजवळ बसलोच होतो. खोली आठवली, आई आठवली. फाटकापर्यंतचा रस्ता डोळ्यांसमोर दिसत होता, त्यापुढचं काहीच दिसत नव्हतं.

"काम सांगा, सर," मी म्हणालो. "वजनं उचलतो. सगळी उचलतो, आत्ता उचलतो. पण मी बसणार नाही."

"मग चालता हो."

पिशवी भरताना वर्कशॉपचे म्हातारे शिपाई, नाना, दारात येऊन उभे राहिले. "दोन मिनिटं बसला असता भो. काय झिजलं असतं तुझं?" त्यांनी ते मायेनंच विचारलं. मी पिशवीचं तोंड आवळलं. आज सांगतो: नाना, मी रोज झिजत होतो. तुमच्या काट्यावर ते दिसत नव्हतं, एवढंच.

पुढे पुष्कळ हाल झाले. गावी गेलो तर आई आठवडाभर बोलली नाही. मग नरडाण्याला कारखान्यांच्या शेडवर कैच्या चढवायचं काम मिळालं. तिथं मी उंचावर बसतो, पण बोल्ट आवळायला बसतो. काम देणाऱ्याचे आभार मी आजही मानतो, तोंडभरून मानतो. पण कामाबरोबर मीही त्याला मिळालो असं कोणी धरलं, तर मी तिथून निघणार. दुसरं काम हातात नसलं तरी निघणार.