फरहतने धुतलेल्या टिप्स

फरहत शेखला वस्तू फेकता येत नाही. दुधाची रिकामी पिशवी ती धुऊन वाळत घालते, मिठाईच्या खोक्याची दोरी गुंडाळून ठेवते, आणि आपण एखादा कोरा कागद चुरगळला तर अशी बघते की आपणच तो मुकाट्याने सरळ करायला लागतो. या सवयीपायी तिची पीएचडी गेली. म्हणजे सवयीपायीही नाही. सवयीने झालेली चूक सांगून टाकली म्हणून गेली. मी तिला तेव्हाही वेडी म्हणाले होते, आजही म्हणते, आणि तरी जवळपास दर रविवारी धायरीहून येरवड्याला तिच्या घरी जाते.

मी पूर्णिमा, मूळची यवतमाळची. आमची मैत्री झाली ती पुण्यात एम.एस्सी. करताना. माझा विषय संख्याशास्त्र, तिचा सूक्ष्मजीवशास्त्र. हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवून जेवून मी काडी झाले होते आणि फरहतच्या डब्यात तिच्या आईच्या, नूरबानूचाचींच्या हातचा खिमा-मटार असायचा, त्यामुळे दुपारी मी तिच्या प्रयोगशाळेच्या दारात हजर.

"काहून गं, आज उशीर?" मी विचारायचे.

"पुण्यात नुसतं 'का' म्हणतात. तेवढ्यात भागतं," ती म्हणायची आणि डबा माझ्याकडे सरकवायची.

जेवण झालं की टिप्स भरायच्या. थेंब मोजून उचलायच्या पिपेटच्या तोंडाला लावतात त्या प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या म्हणजे टिप्स. एकदा वापरून फेकून द्या, असं वेष्टणावर छापलेलं असायचं. पण वेष्टणावरचं कोण वाचतो! आमच्याकडे वापरलेल्या टिप्स साबणाच्या पाण्यात उकळायच्या, नळाखाली खळखळून धुवायच्या, वाळवायच्या, आणि मग टेबलाभोवती बसून एकेक टिप डब्यातल्या भोकांत उभी करायची. शेवटी डबे वाफेवर निर्जंतुक करायचे. मटार सोलायला बसाव्यात तशा मुली बसायच्या. कोणाचं लग्न ठरलंय, कोणत्या सरांचं कोणत्या मॅडमशी वाजलंय, सगळं तिथे कळायचं. भरलेला डबा फळीवर ठेवायचा आणि तो सगळ्यांचा. "हा माझा" म्हणणारी मुलगी चार दिवस एकटी जेवायची. संख्याशास्त्राची असून मीही कितीतरी डबे भरले. त्या दुपारी कोणी परत दिल्या तर मी आत्ताची नोकरी सोडून जाईन.

पुढे आम्हाला दोघींना स्वीडनमधल्या एकाच गावात प्रवेश मिळाला. गावाचं नाव सांगत नाही, मला अजून नीट म्हणता येत नाही. मला दोन वर्षांचा कोर्स, तिला पीएचडी. फरहतचे वडील, रज्जाकचाचा, पाट्या रंगवतात. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, दारावरच्या नावांच्या. लेकीची बातमी कळली तशी त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना पेढे वाटले. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावाआधी 'डॉ.' रंगवत आलो," ते मला म्हणाले, "आता एक घरचा रंगवायचाय." फरहतने ते ऐकलं आणि लाजून आत निघून गेली.

तिकडचे दिवस काय सांगू! दोघींत एक खोली, एक सायकल आणि एक कुकर. पहिल्यांदा मोहरीची फोडणी दिली तेव्हा धुराची घंटा वाजली आणि सगळी इमारत स्वेटर घालून खाली अंगणात उभी राहिली. हिवाळ्यात दुपारी तीनला अंधार पडायचा. मी रडायचे, फरहत रडायची नाही, ती म्हणायची, "आपल्याकडे लाइट जातात, इथे सूर्य जातो, एवढंच." मग आम्ही चहात आलं किसायचो आणि खिडकीशी बसून पुण्यातल्या एकेका रस्त्यावरून मनाने फिरून यायचो. त्या खोलीची आठवण आली की मला आजही भरून येतं.

फरहतच्या प्रयोगशाळेत मात्र एका गोष्टीने तिचा जीव कासावीस व्हायचा. सगळे टिप लावायचे, एकदा पाणी ओढायचे, की टिप बादलीत. "आमच्या कॉलेजला वर्षभर पुरतील एवढ्या हे लोक एका दिवसात फेकतात गं," ती म्हणायची, आणि तिला जेवण जायचं नाही. शेवटी तिचं तिने ठरवलं. ज्या टिप्सनी नुसतं पाणी किंवा मिठाचं द्रावण उचललंय तेवढ्या ती बाजूला काढायला लागली. काम संपल्यावर पुण्याच्या पद्धतीने धुवायची, वाळवायची, डब्यात भरायची, निर्जंतुक करायची. आणि डबा ठेवायची सगळ्यांच्या फळीवर. लपवून नव्हे, आणि सांगूनही नव्हे. भरलेला डबा फळीवर ठेवताना आमच्याकडे कोणी दवंडी पिटत नसे.

फरहतची एक सहकारी होती, करीन नावाची. उंच, अबोल, पण मनाची चांगली. फरहतला सायकलवरून बर्फात न पडता जायला तिनेच शिकवलं. कुठल्या औषधाने जिवाणूंची वाढ किती खुंटते, यावर दोघींचं काम होतं. दुसऱ्या वर्षी करीनचे आकडे बिघडायला लागले. जिवाणू मरायचे, पण औषध न घालताही मरायचे. पाणी तपासलं, जिवाणू वाढवायच्या कपाटाचं तापमान तपासलं, औषधाच्या बाटल्या बदलल्या. करीन रविवारीही प्रयोगशाळेत बसायला लागली.

आणि एका दुपारी फरहतच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिने नव्या टिप्स आणि धुतलेल्या टिप्स घेऊन तोच प्रयोग शेजारी शेजारी लावला. दुसऱ्या दिवशी उत्तर समोर होतं. तिथल्या भांडी धुवायच्या दाट साबणाचा अंश टिप्सना चिकटून राहत होता. करीनचे जिवाणू फरहतच्या काटकसरीने मरत होते.

मी खिचडी टाकली होती. ती आली, कोटही न काढता कॉटवर बसली आणि सगळं सांगितलं.

"गप्प बस," मी म्हणाले. "डबे फेकून दे. उद्यापासून सगळं आपोआप सुधारेल. कोणाला कळणार आहे?"

"कोणालाच नाही."

"मग?"

"आधीचे आकडे तसेच छापून येतील ना. कुठेतरी कोणीतरी ते खरे धरून पुढे काम करेल. माझेही आकडे त्याच टिप्सचे आहेत, पूर्णिमा. तेही गेले."

"आणि चाचांनी रंगवायचा 'डॉ.'?" मी मुद्दामच विचारलं. तिला थांबवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

खिचडी खाली लागली, तीच आम्ही खाल्ली.

तिकडे दर गुरुवारी सगळी प्रयोगशाळा कॉफी आणि गोड पाव घेऊन एकत्र बसते. त्या गुरुवारी फरहतने सगळ्यांसमोर सांगितलं. टिप्स कशा धुतल्या, कधीपासून, कुठे ठेवल्या, आणि तपासणीचे आकडे. तिच्या मार्गदर्शक प्राध्यापक बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, ती मला म्हणाली. करीन अर्धा पाव तसाच टाकून उठून गेली.

बाईंनी तिला काढलं नाही. पण सगळं नव्याने करायचं ठरलं, आणि फरहतने आधी करीनचे प्रयोग तिच्यासोबत उभं राहून पुन्हा करून दिले. तो तिचा हट्ट. माझा कोर्स संपला, मी पुण्यात परतले, नोकरी धरली. फरहतचं स्वतःचं काम निम्म्यावर आलं आणि तिच्या जागेची मुदत संपली. तिकडे पीएचडीच्या अर्ध्या वाटेवर एक छोटी पदवी देतात, ती तेवढी मिळाली. मला तिने फोनवर सांगितलं. घरी सांगितलं नाही. "ही अब्बांच्या समोर उभं राहून सांगायची गोष्ट आहे," म्हणाली.

विमानतळावर तिला आणायला मी चाचांबरोबर गेले. रिक्षात चाचा खुशीत होते आणि मला तोंड वर करवत नव्हतं. घरी पोचलो. दारावर पाटी होती, वर्तमानपत्राने झाकलेली. चाचांनी कागद ओढला. काळ्यावर पांढरी, जणू छापलेली अक्षरं: डॉ. फरहत रज्जाक शेख.

"अब्बा, 'डॉ.' काढा," फरहत म्हणाली. "मी झाले नाही."

नूरबानूचाची म्हणाल्या, "आधी आत तर ये." पण ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, हातात बॅग तशीच, आणि गोड पावापर्यंत सगळं सांगितलं. चाचा ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारलं.

"त्या करीनचं झालं का?"

"झालं. मागच्या महिन्यात."

चाचा आत गेले, पातं आणि टर्पेंटाइनचा बोळा घेऊन आले, पाटी उतरवली आणि पायरीवर बसून 'डॉ.' खरवडायला लागले. फरहतने पाटी धरली. दोघंही रडत होते आणि दोघंही ते दिसू देत नव्हते. मी मात्र उघड रडले.

पुसून झालं तेव्हा नाव उजवीकडे सरकल्यासारखं दिसत होतं. एखाद्या दुकानदाराची पाटी केसभर सरकली तर हा माणूस ती सबंध पुसून पुन्हा रंगवतो. मी म्हणाले, "चाचा, नवी करा ना. नाव मधे घ्या."

"नको," ते म्हणाले. "एवढी जागा मोकळी दिसली की माणूस विचारणार. विचारलं की सांगता येतं."

आणि सांगतात. फरहत आता एका कॉलेजात शिकवते, तिला ऐकून ऐकून वीट आलाय, पण चाचांना नाही. परवाच्या रविवारी मी गेले तर गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन दारात अडकलेला.

"मोठमोठे शास्त्रज्ञ बसलेले," चाचा सांगत होते. "पोरीने उभं राहून सांगितलं, चूक माझी. सगळं स्वीडन टाळ्या वाजवायला लागलं."

आतून फरहत ओरडली, "अब्बा, कोणीही टाळ्या वाजवल्या नव्हत्या!"

"मग वाजवायला पाहिजे होत्या," चाचा म्हणाले.